बदलीच्या गावातील आनंद

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाची मासिक बैठक आटोपल्यावर, चहाचे पेले हातांत असताना, एका वडील स्नेह्यांनी एक प्रश्न टाकला. तेव्हापासून तो आमच्या मनातून जात नाही. हे गृहस्थ सरकारी सेवेतून निवृत्त होऊन पुण्यास स्थायिक झाले आहेत. काही घरगुती कामानिमित्त इकडे माळव्यात आले होते. तरुणपणी जलरंगांत त्यांचा हात चांगला चाले. नोकरीच्या चौतीस वर्षांत त्यांच्या सात बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी रंगांची पेटी सामानात सर्वांत आधी बांधली जाई आणि नव्या घरी माळ्यावर चढे, ती पुढच्या बदलीलाच खाली येई. ‘येथे चित्रे काढायची तरी कशाची? ना आपला डोंगर, ना आपला वाडा. एकदा घरी परतू, मग निवांत बसू,’ असे ते दरवेळी स्वतःस सांगत.

निवृत्तीनंतर पेटी उघडली, तो वड्या तडकलेल्या आणि नळ्यांतील रंग दगडासारखे झालेले. नवे रंग आणणे अवघड नव्हते. ते त्यांनी आणले. पण कोऱ्या कागदापुढे बसल्यावर काढावेसे काही सुचेना. वाडा पडून तेथे सात मजली इमारत उभी राहिली होती आणि तिच्याआड डोंगर गेला होता. नवल असे की, त्यांच्या डोळ्यांपुढे येऊ लागली ती पावसाळ्यातील ब्रह्मपुत्रा. गुवाहाटीस असताना तीन वर्षे ती त्यांच्या कचेरीच्या वाटेवर होती. पण तिच्याकडे त्यांनी धड पाहिले नव्हते. आता तिचे पाणी नेमके कोणत्या रंगाचे होते, ते काही केल्या आठवेना. सांगता सांगता ते थांबले आणि म्हणाले, “मला एवढेच सांगा, ही चौतीस वर्षे मी जगलो, की नुसती वाट पाहिली?”

त्या क्षणी आम्हांस उत्तर सुचले नाही. कोणी तरी विषय बदलला, कोणी बिस्किटांची बशी पुढे केली. पण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता, हे तेथे बसलेल्या प्रत्येकास उमगले होते. घरापासून दूर नेमणुकीवर असलेल्या आपल्यापैकी किती जणांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी पडून आहे! कोणाची पेटी रंगांची, कोणाची तंबोऱ्याची, कोणाची अर्धवट राहिलेल्या वहीची. तेव्हा या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा, असे मनात आले.

प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे. कलेची प्रेरणा ही काही तरी असाधारण वस्तू आहे, ती विशिष्ट स्थळी, विशिष्ट मनःस्थितीत आणि पुरेशा सवडीनेच भेटते, अशी ही समजूत होय. या हिशेबात रोजचे जेवण, सकाळचा फेरफटका, शेजाऱ्याच्या मुलाचे बोबडे बोल, पहिल्या पावसाचा वास ही सारी किरकोळ खर्चाची बाब ठरते. कलेच्या खात्यावर ती जमाच होत नाही. आपल्या परंपरेचे मत मात्र निराळे दिसते. भरतमुनींनी नाट्यातील रसाची कल्पना समजावून देताना दृष्टान्त घेतला तो भोजनाचा. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न प्रसन्न मनाने जेवणारा मनुष्य जशी रुची घेतो, तसा प्रेक्षक भावांची रुची घेतो, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या आचार्यांनी वापरलेले आस्वाद, चर्वणा हे शब्दही मुळात जिभेचेच. ज्या शास्त्राने कलेच्या अत्युच्च अनुभवासाठी स्वयंपाकघराकडून शब्द उसने घेतले, त्यास रोजचा आनंद क्षुद्र वाटत नव्हता, हे उघड आहे.

तथापि शास्त्राच्या आधारावर आमच्या स्नेह्यांचे समाधान होणार नाही. म्हणून आम्ही एका गावाचे उदाहरण घेतो. इंदूरपासून सुमारे ३५ किलोमीटरांवर देवास आहे. गाव लहान, मध्ये देवीची टेकडी. एके काळी तेथे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्या दोन स्वतंत्र संस्थाने म्हणून नांदत होत्या. कामानिमित्त आम्हांस तेथे वरचेवर जावे लागते. या गावाशी संबंध आलेले तीन कलावंत आम्हांस विशेष जवळचे वाटतात. कारण तिघेही तेथे या ना त्या अर्थाने बदलीवर आलेले होते.

पहिले भास्कर रामचंद्र तांबे. १८७३ साली मुंगावलीस जन्मलेल्या या कवीचे जवळजवळ सारे आयुष्य मध्य भारतात आणि राजपुतान्यात संस्थानी नोकऱ्या करण्यात गेले. देवासला त्यांचे शिक्षण झाले आणि तेथील राजपुत्राचे शिक्षक म्हणून त्यांनी कामही केले. पुण्यामुंबईच्या साहित्यिक वर्तुळापासून ते दूर राहिले. ग्वाल्हेरचे राजकवी झाले ते १९३७ साली, आणि १९४१ साली तेथेच निवर्तले. त्यांच्या कवितासंग्रहाची पाने चाळताना एक बारीक गोष्ट आमच्या कारकुनी नजरेत भरली. कित्येक कवितांच्या जोडीला राग दिलेला आहे, आणि ठिकाण व तारीखही. कोठे देवास, कोठे अजमेर, कोठे प्रतापगड, कोठे लष्कर-ग्वाल्हेर. जणू प्रवासभत्त्याचे बिलच! पण ते बिल भरलेले आहे पति-पत्नींच्या रुसव्याफुगव्यांनी, लेकरांच्या खेळांनी, मावळत्या उन्हाने आणि दाराशी आलेल्या मृत्यूच्या चाहुलीने. घर जेथे नेले तेथे विषय होता. आपण परमुलखात आहोत, तेव्हा खरी कविता परत गेल्यावर लिहू, असे त्या माणसाने ठरविले असते, तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते!

दुसरा गृहस्थ इंग्रज. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हा १९२१ साली काही महिने थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्याच्या हाताखाली बागा, मोटारी, अतिथिगृह आणि विजेचे घर अशी खाती होती; म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या टेबलावर येतात तशीच किरकोळ प्रकरणे. हिंदुस्थानावरील एका कादंबरीची आरंभीची प्रकरणे त्याने बरोबर आणली होती. ती येथे पुरी करावी, असा बेत होता. पण ज्या देशाविषयी लिहिले, तो देश समोर येताच ती पाने कोमेजून निर्जीव झाली, असे त्याने पुढे नमूद केले आहे. कादंबरी बाजूस राहिली. चिटणीस साहेबांनी खात्यांची कामे पाहिली, गोकुळअष्टमीच्या उत्सवात ते गर्दीत मिसळले, गोंधळले, हसले, आणि घरी लांबलचक पत्रे लिहीत राहिले. कादंबरी पुरी झाली ती इंग्लंडास परतल्यावर. १९२४ साली ‘ए पॅसेज टू इंडिया’ या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि तिच्या अखेरच्या भागात देवासचा तोच उत्सव उजळून निघाला.

येथे कोणी म्हणेल, ‘पाहा, त्यानेही परत गेल्यावरच लिहिले!’ खरे आहे. पण फरक ध्यानी घेण्याजोगा आहे. त्याने पुढे ढकलले ते लिहिणे. पाहणे त्याने पुढे ढकलले नाही. कलाकृती वीस वर्षांनी झाली तरी बिघडत नाही, वा मुळीच झाली नाही तरी आकाश कोसळत नाही. पण ज्या दिवशी नदी समोर असते त्या दिवशीच ती पाहावी लागते. त्या पाहण्यास रजा मंजूर होत नाही आणि ते पुढील वर्षाच्या खात्यावर ओढताही येत नाही.

तिसरे कुमार गंधर्व. बेळगावजवळ सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला आणि मुंबईत देवधर मास्तरांपाशी शिकलेला हा गायक ऐन विशीत देशभर गाजला. मग क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत त्यांस देवासला आणण्यात आले. ही बदली कोणाच्याही वाट्यास येऊ नये अशी. गाण्यास वैद्यांची मनाई, फुप्फुस निकामी, जगण्याची शाश्वती नाही. जवळपास पाच वर्षे हा गायक खाटेवर पडून होता. त्यास एकच गोष्ट करता येत होती, ती म्हणजे ऐकणे. अंगणातून, गल्लीतून, लग्नघरांतून माळवी बायकांची गाणी कानी येत. निर्गुणी भजने गात जोगी दारावरून जात. ती गाणी कोणी त्यांच्यासाठी गात नव्हते, कोणास त्यांचे नावही ठाऊक नसेल. पावसाच्या आगमनाने, लेकीच्या लग्नाने, तान्ह्याच्या पाळण्याने जो आनंद त्या बायकांस होई, तो त्या गात. खाटेवरच्या गायकाने तो आनंद त्या आनंदासाठीच ऐकला. पुढे नवे औषध निघाले, प्रकृती सावरली, १९५३ च्या सुमारास ते पुन्हा बैठकीत बसले. आणि मग लोकांस कळले की, हा आवाज पूर्वीचा राहिला नाही, तो कोठून तरी नवे पाणी पिऊन आला आहे. माळव्याची लोकगीते त्यांनी रंगमंचावर आणली, लोकधुनांतून नवे राग घडविले, आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ सिद्ध केला.

या तिघांच्या उदाहरणांवरून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो असा की, कलावंताने भोवतालच्या लहानसहान आनंदांवर डोळा ठेवावा, ते टिपून घ्यावेत, म्हणजे प्रेरणेचा तुटवडा पडणार नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. थोडे आत्मनिवेदन येथे क्षम्य मानावे.

आम्हांस लिहिण्याची हौस आहे. स्नेह्यांप्रमाणे आम्ही पेटी माळ्यावर टाकली नाही, उलट खिशात वही बाळगली. जेथे बदली होई तेथील बोली, सण, खाद्यपदार्थ, बाजार यांच्या नोंदी करू लागलो. पहिल्या हिवाळ्यात इंदूरच्या सराफ्यात आम्ही सहकुटुंब गराडू खाण्यास गेलो होतो. तळलेल्या कंदावर मसाला भुरभुरलेला, वर लिंबू पिळलेले, भोवती बोचरी थंडी. आम्ही वही काढून तव्याचा आकार, मसाल्याचा रंग, विक्रेत्याची बोलण्याची लकब लिहून घेत होतो. तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ते निवते आहे. तुम्ही चव घेता आहात की नोंद?” आम्ही हसलो खरे, पण बोल वर्मी लागला. त्या रात्री घरी येऊन वही उघडली तो तपशील सारा होता, आणि चव कोठेच नव्हती. मुले कशावरून खिदळत होती, तेही आम्हांस सांगता येईना.

आता कळते की, आमचे स्नेही आणि आम्ही एकाच चुकीच्या दोन बाजूंना उभे होतो. त्यांनी समोरचे जग कलेस अपात्र म्हणून दूर ठेवले. आम्ही ते कलेचा कच्चा माल म्हणून गोळा केले. दोघांनीही ते त्याच्यासाठी पाहिले नाही. आस्वाद आणि उपभोग यांतील भेद बहुधा येथेच असावा. उपभोगणारा वस्तूस आपल्या कामी लावतो, मग ते काम पोट भरण्याचे असो वा पान भरण्याचे. आस्वाद घेणारा क्षणभर स्वतःस वस्तूच्या स्वाधीन करतो. तिच्यापासून काही निपजलेच पाहिजे, अशी अट तो घालीत नाही. आणि अनुभव असा की, जेथे अट नसते तेथेच काही निपजते. बहिणाबाई चौधरींची गाणी जात्यावर आणि शेतात जन्मास आली. दळणे आणि पेरणे ही त्यांची कामे होती, गाण्यासाठी शोधलेले विषय नव्हते. गाणी कामास फुटलेल्या अंकुरासारखी आली. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढल्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. पुस्तकासाठी त्या दळत नव्हत्या.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरी वृद्ध आईवडील एकटे आहेत, मध्यरात्री फोन वाजला की काळजात धस्स होते, मुलांच्या शाळा दर तीन वर्षांनी मोडतात. अशा माणसाने गराडूची चव घ्यावी आणि संध्याकाळचे रंग पाहावेत, हे सांगणे निष्ठुरपणाचे नाही काय? परगावी रमणे ही घराशी थोडी प्रतारणाच नव्हे काय? आम्हांस वाटते, पुष्कळांच्या पेट्या सवडीअभावी बंद राहत नाहीत, तर या संकोचामुळे राहतात. येथे आनंद झाला तर तेथले दुःख आपण विसरलो, असे होईल, ही भीती. पण आनंद हा दुःखाचा शत्रू नाही. तांब्यांच्या संग्रहात संसाराची गोडी आणि मरणाची चाहूल एकाच दिव्याच्या उजेडात बसलेली आहेत. कुमारांच्या उशाशी मृत्यू होता तेव्हाच गल्लीतले लग्नगीत त्यांस ऐकू आले. दूरच्या आईची काळजी वाहणारे मन कोरडे पडले, म्हणून आईचे काही हित होत नाही.

संकोच धरायचाच असेल, तर तो निराळ्या गोष्टीचा धरावा. आपला रोजचा आनंद बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमांवर उभा असतो. कुमारांनी खाटेवर पडून गाणी ऐकली, हे सांगताना भानुमतीबाईंचे नाव विसरून चालणार नाही. नवऱ्याची शुश्रूषा करीत, शाळेत नोकरी करून, त्यांनी ते घर उभे ठेवले होते. तो ऐकण्याचा अवकाश त्यांनी दिलेला होता. १९६१ साली त्या अकाली गेल्या. टेकडीच्या पायथ्याच्या घराला ‘भानुकुल’ हे नाव मिळाले. आणि लोकधुनांतून निर्माण केलेल्या रागांस कुमार ‘धुनउगम राग’ म्हणत. या शब्दापाशी आम्ही फार वेळ रेंगाळलो आहोत. त्या नावातच पावती आहे. हे माझे नव्हे, हे त्या धुनेतून उगवले, असे तो शब्द सांगतो. ज्या बायकांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत, त्यांचे देणे त्या एका शब्दात मान्य केलेले आहे. आस्वादास जर काही नीती असेल, तर ती एवढीच, असे आम्हांस वाटते. घ्यावे ते प्रेमाने घ्यावे, आणि कोणाकडून घेतले ते लपवू नये. परमुलखात राहणाऱ्या आपणांस तर हे विशेष लागू आहे. ज्या गावचे पाणी पितो, ज्याच्या बाजारात भाजी घेतो, ज्याच्या बोलीत आपली मुले भांडतात, त्या गावास ‘बदलीचे ठिकाण’ एवढेच म्हणत राहणे ही एक प्रकारची कृतघ्नता होय.

म्हणून स्नेह्यांच्या प्रश्नास आमचे उत्तर असे. ज्या आनंदाचे चित्र झाले नाही, तो वाया गेला असे मुळीच नाही. ब्रह्मपुत्रा चित्रात न येता नुसती मनात राहिली असती, तरी तीन वर्षांचे सार्थक झाले असते. चित्र न काढल्याबद्दल त्यांनी स्वतःस दोष देऊ नये. खेद असेल तो न पाहिल्याचा. पण त्यातही एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. त्यांनी पाठ फिरवली, तरी नदी त्यांच्यामागून पुण्यापर्यंत आली. रंग आठवत नाही, ही हुरहूरच सांगते की, त्यांच्यातल्या कोणी तरी तिच्याकडे चोरून पाहिले होते. आणि आता ज्या सातव्या मजल्यावर ते राहतात, तेथूनही काही तरी दिसतच असेल. गच्चीवरच्या टाक्या, कबुतरे, समोरच्या खिडकीत वाळत घातलेले लुगडे. त्याचे चित्र होईल की नाही हा प्रश्न आज नको. ते निवण्यापूर्वी पाहावे, एवढेच.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, वही आम्ही टाकून दिलेली नाही. सवय इतकी सहज सुटत नाही. पण ती आता घरी ठेवून बाहेर पडतो. गेल्या भाद्रपदाच्या वद्य पक्षात शेजारच्या मुलींनी भिंतीवर शेणाची संजा मांडली, तिला फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या आणि तिन्हीसांजेस तिच्यापुढे उभ्या राहून गाणी म्हटली. आमची धाकटी त्यांच्यात होती. सौभाग्यवतींना भोंडला आठवला, त्यांनी त्याचे एक गाणे म्हटले, आणि मुलींनी ते माळवी हेल काढून परत म्हणून दाखविले. आम्ही ओट्यावर बसून ऐकले. त्याविषयी काही लिहावे असे त्या वेळी मनात आले नाही. आज, या निमित्ताने, आपसूक लिहून झाले.

पुढील जूनमध्ये आमची मुदत भरते. हुकूम कोठचा निघेल, ते ठाऊक नाही. येत्या भाद्रपदात आम्ही या ओट्यावर असू की नसू, तेही ठाऊक नाही. या अंकाची एक प्रत मात्र पुण्यास स्नेह्यांकडे पाठवीत आहोत. बैठकीत जे उत्तर सुचले नाही, ते त्यांस उशिरा का होईना मिळावे.